टोपणावरची पिंजर

चंद्रप्रकाशनी पेट्रोलच्या टाकीचं टोपण फिरवून काढलं, उलटं केलं आणि ओठांजवळ धरून जोरात फुंकर मारली. मग वरच्या बाजूने मारली. मग टोपण उन्हाकडे धरून एक डोळा मिटला.

जयवंत शेजारी उभा होता. गाडी बघायला आलेली गिऱ्हाइकं टायरला लाथ मारतात, दारं आपटून बघतात, हॉर्न वाजवतात, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. गेल्या तीन रविवारी तिघांनी ते सगळं केलं होतं, वर चहा पिऊन ‘कळवतो’ म्हणून गेले होते. टोपणात फुंकणारा हा पहिलाच.

“तुमचा मिस्त्री शहाणा आहे हो,” चंद्रप्रकाश म्हणाले.

“अंधेरीचं मोठं गॅरेज आहे. इंजिन पूर्ण उतरवून केलंय. बिलं दाखवतो.”

“इंजिनाचं नाही म्हणत मी. इकडे या.”

मुलुंडहून आलेला हा माणूस तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता. सुनेला हौस म्हणून जुनी गाडी शोधत होता आणि शोधताना स्वतःचीच हौस भागवून घेत होता. त्याने टोपण जयवंतच्या तळहातावर ठेवलं.

“टाकीतलं पेट्रोल संपत जातं तशी आत हवा जायला लागते. बाटली तोंडात घट्ट धरून पाणी प्यायलात, की दोन घोटांनंतर पाणी येईनासं होतं ना? तसं. म्हणून टोपणाला मधोमध हे बारीक भोक ठेवलेलं असतं. तुमचं बुजलंय. लाल काहीतरी बसलंय, पार दगड झालाय त्याचा. पण हे बघा, खालच्या कडेला कुणीतरी दुसरं पाडलंय. हाताने पाडलंय, कडा नीट कानशीने घासून. हे नसतं तर ही गाडी दोन-तीन मैलांवर गप्प बसली असती.”

“आणि मग?” जयवंतने विचारलं.

“मग काय! मिस्त्री येतो, पेट्रोल आहे का बघायला टोपण काढतो, हवा शिरते, गाडी चालू. तो म्हणतो, हिला काहीच झालेलं नाही. तुम्ही म्हणता, हा मला बनवतोय. मग पंप बदला, कार्बोरेटर बदला. वाट लागते माणसाची.”

चंद्रप्रकाश हसले. जयवंतला हसू आलं नाही. त्याने पंप दोनदा बदलला होता, कार्बोरेटर एकदा. आणि ‘हिला काहीच झालेलं नाही’ हे वाक्य त्याने शिवदासच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की शेवटी शेवटी ते ऐकलं की त्याची कानशिलं तापत.

शिवदास त्याच्याच गावचा, वरच्या वाडीतला. जयवंतचे वडील दत्ताराम आणि शिवदास एकाच गिरणीत होते. दत्ताराम साच्यावर कापड विणायला, शिवदास वर्कशॉपमध्ये. संपानंतर दत्ताराम घरी बसले ते बसलेच. शिवदासने मरोळला रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधली आणि गाड्या दुरुस्त करायला लागला. गाववाल्यांच्या टॅक्सी, स्कूटरी सगळ्या त्याच्याकडे. जयवंतने ऑफिसातल्या एका साहेबाची जुनी गाडी घेतली, तेव्हा ती आधी बघायला शिवदासच गेला होता. ‘म्हातारी आसा, पण हाडां बरी आसत,’ असं त्याने सांगितलं होतं. गाडी घ्यायचं कारण एकच. बाबांना एकदा तरी आपल्या गाडीतून गावाला न्यायचं. तीस वर्षं एसटीच्या मागच्या बाकावर बसून गेलेल्या माणसाने एकदा दाराशी उतरावं.

गाडी गावाला कधी गेलीच नाही. शहरातल्याच एका लग्नाला निघाली तर कांदिवलीला बंद पडली, नारळीपौर्णिमेला निघाली तर खाडीच्या पुलावर. दर वेळी तासाभराने आपल्या मर्जीने चालू व्हायची. जयवंतच्या पगाराचा बराच वाटा या गाडीच्या पोटात जायचा, आणि ऑफिसात लोक त्याला ‘काय, आज ढकलत की चालवत?’ असं विचारायचे.

लाल काहीतरी. जयवंतने टोपण नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाखाली खोबरेल तेलाचा वास होता.

ती पिंजर होती. त्याची आई, सुगंधा, कुंकवाला पिंजरच म्हणायची. गाडी घरी आली त्या दिवशी तिने नारळ फोडला, गाडीभोवती फिरली आणि विचारलं, हिचं तोंड कुठे? सगळ्यांनी पुढचे दिवे दाखवले. ते तिला पटलं नाही. ते डोळे झाले. गाडी जिथून पिते ते तोंड. आणि मग तिने मागच्या मडगार्डावरच्या टोपणाला, बरोबर मधोमध, पिंजर लावली. पाण्यात कालवलेली उन्हाने झडते म्हणून तेलात कालवून, वर दोन अक्षता दाबून. दर अवसेला, आणि गाडी लांब निघाली की त्या दिवशीही. देवाला गाऱ्हाणं घालायची, आणि बोटावर उरलेली पिंजर जयवंतच्या कपाळाला लावायची. त्याशिवाय त्याने गाडी काढलेली तिला चालत नसे. चाळीतली पोरं हसायची. जयवंतही हसायचा, पण वाकायचा.

त्याला आता तो दुपारचा प्रसंग आठवला, आणि त्यातली एक गोष्ट आज पहिल्यांदाच नीट दिसली.

दीड वर्ष झालं. बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर गोरेगावला, म्हणून आरे कॉलनीतून जायचं ठरलं. बाबांना मागच्या सीटवर निजवलं. सगळी घाई चाललेली, आणि आई घरात पळाली. जयवंत ओरडला, ‘गो आये, चल!’ ती बाहेर आली ती पिंजरेची वाटी घेऊन. टोपणावर तिने अंगठ्याने दाबून पिंजर भरली, इतकी की ओघळ आला. ओठ पुटपुटत होते. मग बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

गाडी आरेमध्ये गोठ्यांच्या पुढच्या चढावर बंद पडली. रस्ता मोकळा, दोन्हीकडे झाडं. काटा अर्धी टाकी दाखवत होता, म्हणून टोपण काढून बघावं असं जयवंतच्या मनातही आलं नाही. त्याने बॉनेट उघडलं, वायरी ओढल्या, पंपावर पान्याने मारलं, गाडीला आईवरून शिव्या घातल्या. पाऊण तासाने दुधाचा टेम्पो आला. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

शिवदासने आठवडाभरापूर्वीच पंप बसवला होता. दुसऱ्या दिवशी तोच आरेमधून गाडी घेऊन आला, दोन दिवस ताडपत्रीखाली ठेवून चौथ्या दिवशी चाळीत उभी करून गेला. किल्ली शेजाऱ्यांकडे दिली.

बाराव्याला सगळे जमले होते. गावमंडळाचे भाऊराव होते, तीसेक माणसं होती. आई भिंतीला टेकून चटईवर बसली होती. शिवदास आत आला आणि जयवंत उठून उभा राहिला.

“काय केलं होतंस पंपाला? सांग सगळ्यांना.”

“जयवंता, पंपाक काय्येक नाय जाला होता. गाडयेचो दोष येगळोच आसा. मी बघलंय. बाहेर चल, दाखयतंय.”

“बाहेर कशाला? इथेच सांग. कुणामुळे माझा बाप रस्त्यात गेला ते इथेच कळू दे. ज्याच्या हाताने झालं त्याचं तोंड बघणार नाही मी!”

शिवदासने तोंड उघडलं होतं. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. आई मान वर करून त्याच्याकडेच बघत होती. त्याने हात खिशात घातला, रिकामाच बाहेर काढला.

“चुकला माझा, काकी,” तो म्हणाला. जयवंतला नव्हे, तिला. “पंपाचो वायसर मी नीट बसवक नाय.”

मग जयवंत जे बोलला ते त्याला आज आठवायचं नव्हतं, पण शब्द न शब्द आठवत होतं. माझ्या बापाचा जीव घेतलास. गिरणीत चोरून शिकलास नि इथे माणसं मारतोस. पुन्हा या दाराशी दिसू नकोस. भाऊरावांनी मध्ये पडून शिवदासला बाहेर नेलं. त्यानंतर गाववाल्यांची एकही टॅक्सी त्या ताडपत्रीखाली गेली नाही. ज्याने स्वतःच कबूल केलं त्याच्याकडे कोण जाणार? तीन महिन्यांत ताडपत्री निघाली. शिवदास वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढला असतो, कोळ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, असं कुणीतरी सांगत आलं होतं.

आणि गाडी अंधेरीच्या गॅरेजमध्ये गेली. त्यांनी इंजिन उतरवलं, आईच्या पाटल्या त्यात गेल्या. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही, आणि जयवंत ज्याला त्याला सांगत सुटला, बघा, चांगल्या हातात दिली की कसं काम होतं.

त्याने टोपणाच्या कडेवरून बोट फिरवलं. भोक खालच्या अंगाला होतं, जिथे वरून लावलेली पिंजर कधी पोचली नसती. अंधेरीच्या बिलांत टोपणाचं नावही नव्हतं; हे त्या दोन दिवसांत ताडपत्रीखाली झालं होतं. वरचं भोक शिवदासला सुईने मोकळं करता आलं असतं. पण ते पुन्हा बुजलं असतं. आणि काकीला ‘इथे लावू नको’ म्हटलं असतं, तर तिने ‘का’ म्हणून विचारलं असतं.

“काय झालं?” चंद्रप्रकाशनी विचारलं. “घाम आला तुम्हाला.”

“काही नाही. ऊन आहे.”

चाळीच्या दारातून सुगंधा पितळेची ताटली घेऊन आली. दीड वर्षात ती बरीच वाकली होती. ताटलीत एक नारळ होता, वाटीत पिंजर होती.

“आज जातली मां गाडी? मगे तिका अशीच कशी धाडूया?”

“अजून ठरलं नाही गो.”

“ठरतला. तेंच्या तोंडावर दिसता. ता टोपान बसव बघया.”

जयवंतने टोपण बसवून फिरवलं. तिने तेलात कालवलेल्या पिंजरेत बोट बुडवलं आणि मडगार्डाला हात टेकून वाकली.

“अहो आजी, तिथे नका—” चंद्रप्रकाश पुढे झाले.

“राहू दे,” जयवंत म्हणाला.

चंद्रप्रकाशनी त्याच्याकडे पाहिलं, मग म्हातारीच्या लाल बोटाकडे पाहिलं. आणखी काही विचारण्याइतके ते अडाणी नव्हते. ते पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवे बसले आणि टायर निरखायला लागले.

सुगंधाने पिंजर लावली, दोन अक्षता दाबल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, ही गाडी जाता थय सुखान रवांदे. तिच्यात बसतले तेंचा बरा कर. आणि बा म्हाराजा, त्या शिवदासाक क्षमा कर. पोरगो वायट नाय. तेच्या हातसून चूक झाली, ती पोटात घाल.”

दर अवसेला ती हे म्हणत होती. जयवंतने ते दर अवसेला ऐकलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, मी नाही करणार क्षमा.

ती वळली. उरलेली पिंजर बोटावर घेऊन तिने हात वर केला. जयवंत सवयीने वाकला. तिचं बोट कपाळापासून वीतभर असताना तो बोलला.

“आये, शिवदासाचा काय्येक चुकूक नाय.”

“मगे?”

आता दोनच वाटा दिसत होत्या. खरं सांगितलं तर शिवदास सुटला असता आणि तिचं उरलेलं आयुष्य त्या वाटीत बुडालं असतं. गप्प राहिलं तर ती सुखात, आणि शिवदास मढला. जयवंतने जमिनीकडे बघत सांगितलं.

“त्या दिसा गाडयेत प्याट्रोल नव्हता. भरूक मी इसारलंय. शिवदासान ता वळखल्यान, आणि तुज्यासमोर माका सांभाळून घेतल्यान. चुकला ता माझा.”

चाकापाशी बसलेले चंद्रप्रकाश हलले नाहीत. वरच्या मजल्यावर कुणीतरी चादर झटकत होतं.

सुगंधाचा हात तसाच वर होता. ती मुलाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“आणि तू तेका तीस माणसांत...” ती म्हणाली.

“व्हय.”

“मढाक आसता ना तो?”

“व्हय. मी तुका घेऊन जातंय. आताच गाडयेन—”

“गाडी नको.” तिने वर केलेला हात खाली घेतला आणि बोट पदराला पुसलं. नीट, दोनदा पुसलं. “वर्सोव्याची बस कदी आसा ता बघ. फुडे होडयेन जातंय. माझी मी जातंय.”

ती ताटली उचलून घरात गेली. नारळ फोडायचा तसाच राहिला होता. जयवंत अजून वाकूनच उभा होता.