खडूंची जागा बदलली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. हल्ली जिन्याखालच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा असतो. सुताराने दोन काळ्या पाट्या मध्ये लाकडी पट्टी मारून जोडल्या आणि मला भौतिकशास्त्राच्या वर्गात बसवले. आयुष्यभर खडू खाल्ला, पण चार अक्षरे डोक्यात शिरली ती एकाच सरांमुळे.

ते अणूच्या गाभ्यातल्या बलाविषयी शिकवत. तिथल्या क्वार्क नावाच्या कणांना तीन रंग मानतात: लाल, हिरवा, निळा. "हे खरे रंग नव्हेत हं, नुसती नावं," सर म्हणत. "लालला हिरवा म्हणा, हिरव्याला लाल, निसर्गाला काही फरक पडत नाही. हीच सममिती. अहो, प्रत्येक ठिकाणी वेगळी नावं ठेवा! फक्त इथला बदल तिथं कळवायला कुणीतरी हवं. ते काम ग्लुऑन नावाच्या कणाचं. त्या कळवण्यातूनच गाभा बांधणारं बल येतं."

माझ्याखालच्या फळीवर सर तीन खडू ओळीने ठेवत. आधी लाल, मग हिरवा, शेवटी निळा. ओळ हलली की चिडत. मुलांना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटे. पण वर्ग रिकामा झाला की सर लाल आणि हिरवा खडू खिडकीपाशी धरून बघत, सुस्कारा टाकत. त्यांना त्या दोहोंतला फरक दिसेनासा झाला होता. ते खडू जागेवरून ओळखत. हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते.

एके दिवशी विभागप्रमुख बाई तास ऐकायला आल्या. सरांना पुढे ठेवायचे की नाही, ते त्यावरच ठरणार होते. माझी डावी पाटी भरली आणि मधली सुटी झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या धक्क्याने खडू खाली पडले. तिने ते निगुतीने परत ठेवले, पण लाल हिरव्याच्या जागी गेला. सुटीनंतर सरांनी उजवी पाटी भरली.

"सर, डावीकडचा लाल इकडे हिरवा कसा झाला?" मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले.

सर डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. वर्गात खसखस पिकली. 'मला दिसत नाही' एवढे म्हणायला हवे होते त्यांनी. ते म्हणाले, "चुकलं असेल," आणि आपल्याच हाताने उजवी पाटी पुसून टाकली.

"सर, आता आराम करा," बाई हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, त्यांचे काहीएक चुकले नव्हते! अदलाबदल उजवीकडे सगळीकडे सारखीच झाली होती. गणित खणखणीत होते. मी ते बघत होतो आणि मला बोलता येत नव्हते. आजही जीव तुटतो.

दुसऱ्या दिवशी मुलीला फळीवरची उलटी ओळ दिसली. ती धावत सरांच्या घरी गेली आणि रडवेली होऊन परतली. मैत्रिणीला म्हणाली, "सर म्हणाले, 'बाळ, तू खडू हलवल्याचं मला कळवलं नाहीस, मी डोळ्यांचं तुम्हाला कळवलं नाही. आपल्यात ग्लुऑनच नव्हता बघ.' हसले गं, पण पुन्हा शिकवायला यायला नको म्हणाले."

मग तिने माझ्या दोन पाट्यांमधल्या पट्टीवर तो राहून गेलेला निरोप लिहिला: इथून पुढे लाल म्हणजे हिरवा, हिरवा म्हणजे लाल.

पुढे पांढरा फळा आला आणि मी इथे. ती ओळ अजून आहे, भिंतीशिवाय कुणी वाचत नाही. मला उजेडात आणा असा माझा हट्ट नाही. पण कुणाचे लिहिलेले चुकीचे वाटले, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, "तुम्हाला इथून काय दिसतंय?"