स्थिती : मोडीत

मी तास बोलतोय. घड्याळातला नव्हे, ज्याच्यावर मोगरी मारून वेळ सांगतात तो. काशाची जाड गोल थाळी, कडेला दोन भोकं, त्यांतून ओवलेला दोर आणि वर सागाची तुळई. असा मी होतो. आता कसा आहे ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगायला गेलो तर पुढचं बोलणं व्हायचं नाही. झालं त्याला आठ महिने होऊन गेले, तरी अजून मला ते खरं वाटत नाही.

नागपुरात धोटेपुरा नावाची विणकरांची वस्ती आहे. तिथल्या मोडीतून मी जन्मलो. मोड म्हणजे घरातली फुटकीतुटकी भांडी. पुऱ्यातल्या लोकांनी ठरवलं, की सगळ्यांना एकाच वेळी माग सुरू करता यावेत, आग लागली तर सगळ्यांना कळावं, म्हणून पुऱ्याचा स्वतःचा तास हवा. मग घरोघरची मोड गोळा झाली. कोणी चिरलेली थाळी दिली, कोणी बुडाला भोक पडलेला पेला दिला. एका बाईकडे मोड नव्हतीच. तिने तान्ह्या लेकराचे तळवे घासायची काशाची वाटी आणून टाकली. ती चांगली धडधाकट होती. ओतणाऱ्या कासाराने ती हातात घेऊन बाईकडे पाहिलं, बाईने मान हलवली, आणि वाटी मुशीत गेली. माझा आवाज गोड होता तो त्या वाटीमुळे, असं मला आपलं वाटतं.

मी थंड झाल्यावर नत्थू धकाते नावाच्या विणकराने माझ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि कासाराने त्या टाकीने कोरल्या. तेव्हा लिहिणं म्हणजे मोडी लिपीतच. ओळी अशा होत्या :

हा तास साऱ्या पुऱ्याचा.
कोणी आटवू नये.

दुसरी ओळ काहून, असं कोणीतरी विचारलं. नत्थू म्हणाला, "मोडीतून आला हाय. उद्या कोनालेबी वाटन, पुन्हा मोडीत घाला. लिवून ठेवलेलं बरं."

नत्थूनेच मला आयुष्यभर वाजवलं, त्याच्यामागे त्याच्या मुलाने, आणि मग नातवाने, म्हणजे बापूजीने. वाजवण्याआधी बोटाने मला एक टिचकी मारायची, ही त्या घरातली रीत होती. झोपलेल्या माणसाला एकदम हाक मारू नये, तसं. टिचकी लागली की मी बारीक "टिंग" म्हणायचो आणि मग बापूजी मोगरी उचलायचा. त्याची बायको पंचफुला दारातून हे पाहायची आणि म्हणायची, "माह्यासंग तर सरळ बोलनं होत नाई, अन् त्याले मात्र विचारून विचारून मारता!"

"तू बिनामोगरीची वाजतं न," बापूजी म्हणायचा.

पुऱ्यात तेव्हा माझ्याशिवाय पान हलत नसे. माग माझ्यावर सुरू व्हायचे, लग्नाच्या पंगती माझ्यावर उठायच्या. एकदा सुताच्या कोठारात आग लागली, तेव्हा बापूजीने मला इतकं बडवलं की मोगरी तुटली. पण माणूस एकही दगावला नाही.

मग हळूहळू हातांवर घड्याळं आली. रेडिओ आला. गिरणीचा भोंगा इतका मोठा होता की माझ्याकडे कान द्यायचं कारण उरलं नाही. अर्धे माग बंद पडले. माझ्या डोक्यावरच्या छपराचे कवेलू वाऱ्याने सरकले, तुळईला वाळवी लागली. बापूजीने मला उतरवून घरात भिंतीला टेकवून ठेवलं. मी जमिनीला टेकलो की वाजत नाही, टिचकीला नुसतं "ठक" होतं. तरी तो रोज सकाळी टिचकी मारायचा.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली शहरात एक जतन समिती झाली. जुन्या वस्तू आणि जुनी बांधकामं वस्त्यांनी सांभाळावीत, त्यासाठी समिती मदत देणार होती. बापूजीने रात्रंदिवस विचार करून अर्ज लिहिला. मागणी मोठी नव्हती. एक सागाची तुळई, दोन खांब आणि वर घालायला कवेलू. मजुरी पुरा स्वतः करणार. शेवटी त्याने लिहिलं : "तासावरील लेख मोडीत आहे. तो वाचता येणारा पुऱ्यात आता मी एकटाच उरलो आहे. माझे डोळे अधू होत चालले आहेत. माझ्यामागे तास मुका होऊ नये, ही विनंती."

लिहून झाल्यावर त्याने तो पंचफुलाला वाचून दाखवला. तिने उठून माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

उचलता येण्याजोग्या वस्तू समितीला प्रत्यक्ष दाखवाव्या लागत. त्यामुळे मी हातगाड्यावर बसून शहरातल्या सदर भागात समितीच्या कचेरीत गेलो. बापूजीला पावती मिळाली. निघताना तो माझ्याजवळ वाकून म्हणाला, "पंधरा दिवसांची गोष्ट हाय. घाबरू नको." मी घाबरलो नव्हतो. मला उलट मौजच वाटत होती.

पहिल्या बैठकीत मला टेबलाशेजारी दोराने टांगलं होतं. समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष ओमप्रकाशजी, कापडाचे व्यापारी. शाळेत शिकवणाऱ्या शोभाताई. आणि दादाजी वैद्य, जे डोळे मिटून ऐकत, म्हणजे कधी ऐकत आणि कधी झोपत. कारकून केशव त्या दिवशी रजेवर होता. अर्ज पाच होते आणि मदत दोघांनाच मिळणार होती.

माणसं असं काही कसं ठरवतात ते मी प्रथमच पाहत होतो. आखाड्याची भिंत घ्यावी, तर ती जुनी किती? वाचनालयाच्या पोथ्या घ्याव्यात, तर त्या उघडतो कोण? ओमप्रकाशजी प्रत्येक अर्जाला दोनच प्रश्न विचारत, "किसके काम की है? आणि उद्या सांभाळणार कोण?" प्रश्न मला चांगले वाटले. कोणी आपल्या ओळखीच्याचं घोडं पुढे दामटत नव्हतं.

माझी पाळी आली.

"घड्याळ असताना हे काहून पाहिजे?" ओमप्रकाशजी म्हणाले.

शोभाताई उठल्या. टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन त्यांनी मला एक ठोका दिला. कितीतरी दिवसांनी मी टांगलेला होतो, मोकळा होतो. मी असा वाजलो की खिडकीची काच झणझणली आणि दादाजी ताडकन जागे झाले. दार उघडून शिपाई रुपराव धावत आत आला. "जी साहेब? बलावलं?"

सगळे हसले. ओमप्रकाशजीसुद्धा. माझा आवाज विरला. मग ते हळूच म्हणाले, "आमच्या गावी होती अशी एक घंटा. देवळात." आणि त्यांनी कागदावर खूण केली. "ताई, हा ठेवा. पुढच्या बैठकीत पक्कं करू."

त्या दिवशी मला पलीकडच्या खोलीत नेऊन कपाटाला टेकवलं. मधे फळ्यांची भिंत होती, तिच्या फटीतून बोलणं ऐकू येई. मी दिवस मोजत होतो. तुळई कुठल्या लाकडाची असेल याचा विचार करत होतो.

केशव रजेवरून परतला. माणूस कामसू, अक्षर मोत्यासारखं. त्याने पाचही अर्ज वाचून एक तक्ता केला. रकाने आखले : क्रमांक, वस्तू, ठिकाण, स्थिती. स्थितीच्या रकान्यात जागा थोडी होती, म्हणून एकेकच शब्द लिहिला. भिंत : खचलेली. पोथ्या : कसर लागलेल्या. माझा अर्ज त्याने वाचला, "तासावरील लेख मोडीत आहे." त्याच्या शाळेत मोडी लिपी शिकवणं केव्हाच बंद झालं होतं. मोडीत म्हणजे फुटकं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने माझ्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं : मोडीत.

दुसऱ्या बैठकीला शोभाताई नव्हत्या. भिवापूरला परीक्षेच्या कामावर गेल्या होत्या.

फळीपलीकडून मी ऐकत होतो.

"चार. तास, धोटेपुरा," केशव वाचत होता. "स्थिती, मोडीत."

"मोडीत?" ओमप्रकाशजींचा आवाज. "त्या दिवशी तर वाजला होता."

"अर्जातच लिहून आहे साहेब. लोकांनीच."

"हातगाड्यावर आणताना तडकला असन," दादाजी म्हणाले. "कासं हाय. वाकत नाही ते, फुटते."

"अरेरे." ओमप्रकाशजी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मला आवाजावरून कळलं. "आवाज अच्छा था. पण पुऱ्यानंच मोडीत दिला, तर आपण काय जतन करणार? आखाड्याची भिंत घ्या. अन् हा तास, रुपराव, भंगारवाल्याले देऊन टाक. खोली तरी मोकळी होईल."

मी तिथेच होतो! त्यांच्यापासून दहा पावलांवर, धड, अख्खा. एक माणूस उठून दार लोटून आत आला असता, एक टिचकी मारली असती, तर ठकठक का होईना, मी उत्तर दिलं असतं. कोणी उठलं नाही. तक्त्यात लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. त्यांनी चहा मागवला. माझ्या अंगात इतका आवाज होता आणि कपाटाला टेकलेला मी काहीच करू शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मला इतवारीच्या भंगारबाजारात नेलं. तिथे भांड्यांचा डोंगर होता. आपण जिथून आलो तिथेच परत आलो, हे मला एकदम कळलं आणि मी सुन्न झालो. भंगारवाला वाईट नव्हता. त्याने मला उचलून पाहिलं, "साबुत तो है," असं पुटपुटला, पण कचेरीतून आलेल्या पावतीवर मोड लिहिलं होतं. मुशीत मावेना म्हणून त्याने घण मागवला.

टिचकी कोणी मारली नाही. एकदम घण.

त्याच दुपारी बापूजी पावती घेऊन सदरच्या कचेरीत आला होता. डोक्याला धुतलेला पटका बांधून. हे मला पुढे त्या दोघांच्याच बोलण्यातून कळलं.

"तासाचं काय झालं बाबू? तुळई मंजूर झाली न?"

केशवने तक्ता पाहून सांगितलं, "काका, तुमीच मोडीत लिहून दिला न? तो भंगारात गेला."

बापूजीला आधी समजलंच नाही. मग तो टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "मोडीत म्हंजे मोडी लिपीत गा! मोडी अक्षर! तासाले काय झालं होतं?"

केशवने अर्ज काढला. ती ओळ पुन्हा वाचली. एकदा, दोनदा. सगळी कचेरी पाहत होती. मग तो चपला न घालताच बाहेर धावला, आणि मागून बापूजी.

ते दोघं आले तेव्हा माझे तुकडे मुशीत होते. एकच तुकडा जमिनीवर राहिला होता, तळहाताहून थोडा मोठा. भंगारवाला घाबरून म्हणाला, "ले जाओ बाबूजी, मुझे क्या मालूम." बापूजी खाली बसला. त्याने धोतराच्या टोकाने तुकडा पुसला, डोळ्यांजवळ नेला आणि बोट फिरवत वाचला.

"काय लिहून आहे काका?" केशवने विचारलं. त्याचे पाय पोळले होते.

"पुऱ्याचा," बापूजी म्हणाला. मग बोट खाली आणलं. "आटवू." त्याने मुशीकडे पाहिलं. "'नये' तिकडे गेलं."

केशव तिथेच उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा रडला. बापूजीने डोक्याचा पटका सोडून त्यात मला गुंडाळलं. 

तर मी आता हा एवढा आहे. बापूजीच्या घरी भिंतीतल्या देवळीत असतो. पंचफुला मला रोज पुसते आणि नवऱ्याला टोमणे मारत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. सकाळी टिचकी लागते. मी "थप्" म्हणतो. वाटीचा गोड आवाज माझ्यात उरला आहे की नाही, मला सांगता येत नाही.

केशव दर रविवारी येतो. बापूजीकडून मोडी शिकतो. पहिला महिना तो नुसता खाली मान घालून गिरवत होता. आता तो माझ्यावरचे दोन शब्द न अडखळता वाचतो. गेल्या रविवारी त्याने समितीचा कोरा अर्ज आणला. नवा तास ओतायचा, त्यात मला घालायचं आणि त्यावर त्याच दोन ओळी कोरायच्या, अशी मागणी. पुन्हा घरोघरची मोड गोळा करायला पुरा तयार आहे. केशवने स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, पण एका रकान्यापाशी त्याचा टाक थांबला.

"स्थिती काय लिहू, बापूजी?"

बापूजीने मला देवळीतून उचललं, हातात जोखलं आणि परत ठेवलं.

"मागच्या वेळी लिवलं होतं तेच लिव. आता बरोबर हाय."

सोमवारी बैठक आहे. मी पुन्हा सदरला जाईन, पुन्हा त्याच खोलीत कपाटाजवळ बसेन. समितीतल्या माणसांनो, तुम्ही वाईट नाही, हे मी फटीतून ऐकलं आहे. माझी विनंती एवढीच आहे. या वेळी तक्ता वाचून झाला की चहा सांगण्याआधी तुमच्यातल्या कोणीतरी एकाने उठावं, दार लोटून पलीकडच्या खोलीत यावं, आणि मला एक टिचकी मारून पाहावी.