निवडून दिलेले निखारे

गोलनूशने शेगडीवरच्या सळया एकेक करून उलटल्या, पण तिचं लक्ष कोंबडीकडे नव्हतं. शेजारच्या निळ्या तंबूची चेन आतून ओढल्याचा आवाज तिने आत्ताच ऐकला होता. चेन मध्ये एकदा अडकली, मग पार तळापर्यंत गेली.

"निखारे आत घेतले त्यांनी," ती म्हणाली.

"मग काय पावसात ठेवायचे?" तूबाखानम, तिच्या सासूबाई, भाताच्या पातेल्याचं झाकण उचलून बघत होत्या.

ते निखारे तूबाखानमनीच दिले होते. निळ्या तंबूत होतं ते नवरोजच्या, नववर्षाच्या सुट्टीत यज्दहून आलेलं नवीन जोडपं. वाळवंटातली पोरं, समुद्राकाठच्या जंगलातला हा गारठा त्यांना कुठून सोसणार! नवरी, फरीमा, 'नको नको, तुम्हालाच कमी पडतील' म्हणत राहिली आणि तूबाखानम पत्र्याचा थाळा पुढे करत राहिल्या. शेवटी तिने घेतला. गोलनूश तेव्हा "बाहेरच ठेवा हं" एवढंच म्हणाली होती, तेही हसून. का, ते सांगितलं नव्हतं. सासूबाई मोठ्या मनाने देत असताना मध्ये तोंड घातल्यासारखं दिसलं असतं.

"अर्दलान, जरा जाऊन सांगून ये ना."

तिचा नवरा शेगडीवर प्लॅस्टिकचा कागद धरून उभा होता. कागदाच्या कडेवरून पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं.

"काय सांगू? लग्नाला आठवडा झालाय त्यांच्या. तंबू बंद करून बसलेत आणि मी परका बाप्या बाहेरून हाका मारू?"

"मग मी जाते."

"जा, जा," तूबाखानम हसल्या. "आमच्या वेळी नवरानवरीच्या दाराला कान लावणाऱ्या बायकांना झाडूने हाकलायचे."

"आजी, का हाकलायचे?" पातेल्याजवळ बसलेल्या छोट्या हस्तीने, गोलनूशच्या मुलीने विचारलं.

"त्यांनी भात संपवला नव्हता म्हणून. खा तू."

गोलनूशने चिमट्याने एक निखारा सरकवला. चरबीचा थेंब पडून चर्र झालं. शाळेत मुलींना ती हे दरवर्षी शिकवायची: कोळसा, अपुरी हवा, बिनवासाचा वायू. फळ्यावर ते दोन ओळींत मावायचं. भिजलेल्या कापडातून हवा आत येत नाही, हे मात्र त्या दोन ओळींत नव्हतं.

"आई, बंद तंबूत निखारे धोक्याचे असतात."

"धूर कुठे होता त्यांना? पार लाल झालेले, निवडून दिलेत मी."

"म्हणूनच. धूर असता तर खोकत बाहेर तरी आली असती."

"तुझी पुस्तकं!" तूबाखानमनी झाकण आपटलं. "माझ्या आईने रजई पसरलेल्या चौरंगाखाली निखारे ठेवून सहा पोरांचे हिवाळे काढले. एकही दगावलं नाही."

त्या घराच्या दाराखालच्या फटीतून मांजर ये-जा करत असेल, हे गोलनूशच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि कान निळ्या तंबूकडे दिले. मघापासून तिथे फोनवर गाणं चालू होतं, अधूनमधून फरीमाचं हसू. आता नुसतं गाणंच होतं. मग तेही संपलं. दुसरं कुणी लावलं नाही.

तिने दोन सळया उचलल्या, नानमध्ये धरून मांस ओढून काढलं आणि थाळीत ठेवलं.

"अगं, कच्चं आहे ते!" तूबाखानम म्हणाल्या.

"वास त्यांच्यापर्यंत गेलाय. न देता कसं खायचं?"



निळ्या तंबूसमोर उभं राहून तिने रीतीप्रमाणे हाक दिली. "या अल्लाह! फरीमाजान, जेवण आणलंय."

तिला दुसऱ्यांदा हाक द्यावी लागली. मग आतून जड, रेंगाळता आवाज आला. "कशाला त्रास घेतलात... नको, खरंच नको. आम्ही जेवलोय."

त्यांच्याकडे चूलही पेटली नव्हती.

"दार उघड ना जरा."

"डोकं दुखतंय थोडं... पूया झोपलाय. तुम्ही जेवा ना... गार होईल तुमचं..."

गोलनूशने थाळी चिखलात ठेवली आणि न विचारता बाहेरून चेन वर ओढली. उबदार हवा तोंडावर आली. त्या हवेला कसलाच वास नव्हता. त्यांच्या पायांशी थाळ्यात निखारे सुरेख फुलले होते. फरीमा कोपरावर उठून डोक्यावरचा रुमाल चाचपत होती आणि तिच्या बोटांना तो सापडत नव्हता. पूया उताणा पडला होता. गोलनूशने त्याला हलवलं, गालावर चापट मारली, मग दंडाला कचकचून चिमटा काढला.

"अर्दलान!"

तिने लाथेनेच थाळा बाहेर ढकलला. निखारे पाण्यात फुसफुसले. अर्दलानने पूयाला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं, गोलनूशने फरीमाला. कुणीतरी छत्री घेऊन धावलं, कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. तोंडावर पाऊस पडत असतानाही पूया हलेना. मग एकदम त्याला उमासा आला, त्याने कूस वळवून ओकारी काढली आणि डोळे किलकिले केले.

"माफ करा," तो पुटपुटला. "तुम्हाला... उगाच त्रास."

तूबाखानम उपड्या पडलेल्या थाळ्याजवळ उभ्या होत्या. चादर डोक्यावरून घसरली होती, तरी त्या सावरत नव्हत्या. कुणी काही विचारायच्या आत त्या वळल्या आणि पुढच्या तंबूपाशी गेल्या. हाक दिलीच नाही. ओल्या कापडावर पंजा आपटला.

"शेगडी बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

"या ना खानम, चहा..." आतून पुरुषाचा आवाज आला.

"चहा मसणात गेला! निखारे बाहेर! धूर नाही म्हणून काय झालं? धूर असता तर खोकत बाहेर तरी आला असतात. एवढं तर शेंबड्या पोराला कळतं!"

पूयाचं डोकं मांडीवर घेतलेल्या अर्दलानने मान वर केली. "मघाशी तर आईच..."

"बोलू दे," फरीमाचे हात चोळत गोलनूश म्हणाली. "चार तंबूंपलीकडे आवाज जातोय त्यांचा. माझा गेला नसता."

एक एक चेन उघडत गेली. रांगेच्या टोकाला पोचून तूबाखानम थांबल्या. तिथून, पावसातून, त्यांनी मागे वळून हाक मारली.

"गोलनूश! येतेस ना? पलीकडच्या तंबूंत कुणी 'का?' म्हणून विचारलं, तर मी काय सांगू?"