डावा अंगठा

पिस्तुलाची मूठ मॅनेजरच्या तोंडावर बसली आणि त्यांचे दोन दात तिजोरीखोलीच्या पोलादी दारापाशी जाऊन पडले. मॅनेजर आजच रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी शाखेसाठी इतकं काही देणारा अधिकारी कर्मचाऱ्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता.

माकडटोप्या घातलेले दोघे होते, एक उंच आणि एक जाडा. मॅनेजर आडवे झाले तसा जाड्याने हातोडा उचलला आणि दारावरच्या आकड्यांच्या तबकडीवर नेम धरला.

"तिथं मारू नका," कुलूपवाला म्हणाला.

"का रे म्हाताऱ्या? तुझ्या बापाचं दार आहे?"

"मागे काच आहे. ती फुटली की जादा अडसर पडतात. मग ते मलाही उघडत नाही, कापावंच लागतं. दोन दिवस जातात."

हे तो नवीन दार घेणाऱ्या प्रत्येक बँकेला सांगे, आणि चोरांनाही त्याच नम्र आवाजात सांगितलं. मॅनेजर बदलला की दाराचा आकडा बदलायचा, म्हणून त्याला आज बोलावलं होतं. नवा आकडा अजून बसायचा होता. तोवर दारावर त्याचाच चाचणीचा आकडा होता.

"मग तूच उघड," उंच माणूस म्हणाला.

"गिऱ्हाईकाचं दार मी परक्याला उघडत नाही."

उंच माणसाने पिस्तूल जाड्याकडे दिलं. कुलूपवाल्याचा डावा हात टेबलावर दाबून त्यावर गुडघा ठेवला.

"उजवा राहू दे," तो जाड्याला म्हणाला, "उघडायचंय त्याला."

मग त्याने अंगठा मुठीत धरला आणि सावकाश मागे वाकवला. एका ठिकाणी तो थोडा थांबला, जणू समोरच्याला माफी मागायला सवड देत होता. माफी आली नाही. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. खांबाला बांधलेल्या कॅशियरबाई किंचाळल्या.

कुलूपवाला ओरडला नाही. तो अंगठ्याकडे बघत राहिला. असाच अंगठा त्याने मागच्या महिन्यात पाहिला होता, लेकीच्या डाव्या हाताला, प्लास्टर चढण्याआधी. "दारात सापडला, बाबा," ती म्हणाली होती. त्याचा जन्म दारांत गेला होता. दारात बोट चेचतं, नख काळं पडतं. बोट मागे वळत नाही. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. तरी त्याने जावयाच्या हातात तेलाची डबी दिली होती आणि म्हटलं होतं, "दाराला तेल घालत जा." जावई अदबीने म्हणाले होते, "हो बाबा."

कुलूपवाल्याने मान वर केली. टोपीच्या भोकांतले उंच माणसाचे डोळे भिंतीकडे वळले.

"उघडतो," तो म्हणाला.

"आलं ना म्हातारं वठणीवर!" जाडा खूश झाला.

दार उघडलं. जाड्याने दोरी काढली.

"याला बांधू?"

"कशाला? गाय आहे ती. मला माहीत आहे," उंच माणूस म्हणाला.

आता एकाने आत जायचं आणि एकाने बाहेर पहारा द्यायचा, हे ठरलेलं होतं. पण आत कोणी जायचं यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता, त्यामुळे दोघेही आत गेले.

दार अवजड होतं, पण बिजागऱ्या कुलूपवाल्याने स्वतः बसवलेल्या होत्या. खांदा लावताच ते पाळण्यासारखं आलं. त्याने चाक फिरवलं. जाड्याचा हातोडा बाहेरच राहिला होता. तो त्याने उजव्या हाताने उचलला आणि जिथं मारू नका म्हणून सांगितलं होतं, नेमका तिथं मारला. पुन्हा मारला. आत कप फुटल्यासारखा आवाज झाला आणि मग एकेक करून अडसर पडले.

आतून गोळी झाडल्याचा दबका आवाज आला. पोलादी खोलीत गोळी झाडू नये. ती परत येते. कुणीतरी गुरासारखं ओरडलं. थोड्या वेळाने हवेच्या झडपेतून शब्द आले.

"बाबा! माझा पाय गेला, बाबा! दार उघडा!"

पोलीस आले तेव्हाही ते चालूच होतं.

"तुम्हाला बाबा म्हणतोय?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"दार बंद झालं की सगळेच म्हणतात."

"किती वेळ लागेल?"

"दोन दिवस. दोन्ही हात चालत असले तर." त्याने अंगठा पुढे केला. तो आता वांग्याच्या रंगाचा झाला होता.

"दुसरा कारागीर?"

"आहे ना, चांगला आहे. लांब असतो. विमानाला घाबरतो."

"आत गुदमरतील हो!"

"छे. हवा भरपूर आहे. मीच केलीय सोय."

इन्स्पेक्टर फोनाफोनीला बाहेर गेले. कॅशियरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"काका, घरी कुणाला कळवायचंय?"

त्याने त्यांच्याकडून नंबर लावून घेतला.

"हं, मी बोलतोय. जेवलीस का? … नाही, इतक्यात यायचे नाहीत ते. तू सामान भर आणि घरी ये. घाई करू नकोस, नीट घड्या घालून भर."

झडपेतून पुन्हा हाक आली. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि ती तेलाची डबी आठवणीने आण," तो म्हणाला. "मी द्यायला नको होती."