कोणी टर उडवीना

अमेरिकन सैन्य दुसऱ्यांदा क्युबात उतरले त्या वर्षाच्या हिवाळ्यात डॉन एलिगिओ सामोरा यांनी सिनेटरपद सोडले, आणि एका सकाळी ते आमच्या चिरुटांच्या कारखान्यात येऊन उभे राहिले. अंगात पांढरा लिननचा कोट, पायांत राजधानीचे बूट, आणि हाती स्वतःची चावेता, म्हणजे पान कापण्याचे आम्हां कामगारांचे अर्धगोल पाते. त्यांनी मुकादमापाशी माझ्या शेजारचे रिकामे बाक मागितले.

हा कारखाना त्यांना परका नव्हता. तारुण्यात आम्ही दोघे याच दालनात चिरूट वळण्यास शिकलो आणि पुढे स्पेनविरुद्धच्या युद्धात एकाच तुकडीत लढलो. मी शिपाईच राहिलो. ते जनरल झाले. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य प्रथम देशात ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांनी राजधानीत राज्यघटनेच्या सभेत आसन मिळविले, आणि अमेरिकेने वाटेल तेव्हा आमच्या देशात सैन्य उतरवावे, या कलमाच्या बाजूने तेथे हात वर केला. ते कलम आता भर चौकात बंदूक खांद्यावर टाकून हिंडत होते.

त्यांच्या पत्नीचे देहावसान झाले होते. मुली दूर नांदत होत्या. बाजारात जुने सैनिक त्यांना पाहताच टोपी काढीत आणि पलीकडच्या पदपथावर जात. त्या सकाळी ते मला हळूच म्हणाले, "तोर्क्वातो, घरात माझ्याशी बोलतं ते फक्त घड्याळ. इथे निदान चार शिव्या तरी कानावर पडतील."

त्यांच्या या बोलण्याचे मर्म कारखान्याबाहेरच्या मनुष्यास उमगणार नाही. आमच्या दालनात उंच आसनावरून वाचक दिवसभर वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवितो. वाचन आवडले, किंवा कोणी थोर पाहुणा आला, तर आम्ही सर्वजण चावेता फळीवर आपटून मान देतो. परंतु शेजारच्या बाकावरील सोबत्यासाठी चावेता कधीही वाजत नाही. त्याची टर उडविली जाते. एकाने टोमणा मारायचा, पुढच्या बाकाने तो उचलून वाढवायचा, आणि अशा रीतीने तो भिंतीपर्यंत पोहोचवायचा, हा आमचा शिरस्ता. ज्याची टर उडते तो आपला.

डॉन एलिगिओ कोट काढून बाकावर बसले मात्र, साऱ्या दालनाने चावेता आपटल्या. तो गडगडाट बराच वेळ चालला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यानंतरचे दिवस मी अत्यंत कष्टाने पाहिले. त्यांची बोटे विसरली होती. आतली पाने एकीकडे दाटत, दुसरीकडे पोकळ राहत, आणि वरचे पान फाटे. मागल्या बाकावरच्या अनिसेतोचा चिरूट जरा वाकडा झाला, तेव्हा हा चिरूट आहे की तुझ्या सासऱ्याचं नाक, असे कोणी विचारले, आणि सासऱ्यावरून सासूपर्यंत जात ते नाक भिंतीला लागेपर्यंत दालन हसत होते. डॉन एलिगिओही हसले. मग मोठ्या आशेने त्यांनी स्वतःचा चिरूट उंच धरला. तो मध्येच फुगलेला, टोकाला सुटलेला होता.

"हे बघा रे," ते म्हणाले. "आता माझंही काहीतरी काढा."

अनिसेतो आदराने म्हणाला, "छान झालाय, सेनॉर."

वाचकाने पान उलटले. डॉन एलिगिओंचा हात बराच वेळ तसाच वर राहिला, आणि त्या वर राहिलेल्या हाताकडे पाहता पाहता माझ्या अंतःकरणात कित्येक वर्षे कोंडलेले एकाएकी बाहेर पडले.

"हात खाली घे, एलिगिओ," मी म्हणालो. "तू हात वर केलास की आमच्या बंदरात अमेरिकन बोटी लागतात."

वाचक थांबला. मी हे विनोदाने बोललो की संतापाने, ते मला आजही सांगता येत नाही. परंतु एलिगिओने हात खाली घेतला आणि तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ओठांवर हसू होते. "नाही म्हटलं असतं तर अमेरिकन तेव्हा गेलेच नसते रे," तो म्हणाला. "मला तसं वाटलं होतं." मग त्याने मान मागे वळविली आणि तो थांबला. आता मागल्या बाकाने टोमणा उचलायचा होता.

मीही थांबलो. कोणीतरी त्याच्या हाताची, मताची, बुटांची टर उडवावी, एवढीच माझी इच्छा होती. एक वाक्य पुरले असते. सर्वांच्या माना पानांवर झुकलेल्या होत्या.

अखेर अनिसेतो घसा खाकरून उठला. एलिगिओचा चेहरा उजळला.

"सेनॉर," अनिसेतो अदबीने म्हणाला, "आपल्याला पाणी आणू का?"