फटीत अडकलेला गृहपाठ

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. अंधेरीच्या एका कॉलेजात गणित विभागाच्या दाराबाहेर मी टांगलेली असे. मित्रांनो, या गणितवाल्यांनी मला जितका ताप दिला, तितका गंजानेही दिला नाही.

सदुसष्ट साली साकीनाक्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. विभागप्रमुख सुखटणकर सरांनी माझे माप स्वतः काढून दिले होते. गृहपाठाचा फुलस्केप कागद जेवढा रुंद, तेवढीच माझ्या तोंडाची फट. केसभरही जास्त नाही! "गणितात अंदाज चालत नाही," असे ते म्हणाले. अहो, पण कागद आत जायला थोडी सैल जागा नको का?

मला हिरवा रंग मिळाला, कुलूप मिळाले आणि कपाळावर सरांचे नियम चिकटले. गृहपाठ सोमवारी पहिल्या घंटेच्या आत पेटीत पडलाच पाहिजे. कागदाला घडी घालू नये, कारण पूर्वी कुणाचे तरी दशांशचिन्ह घडीत गडप झाले होते. आणि एक जरी गृहपाठ बुडाला, तरी वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. घडी घालू नका म्हणे! मग मुलांनी कागद कोंबायचा तरी कसा? दर सोमवारी ओढाताण, फाटलेल्या कडा आणि शिव्या मात्र मला. पाहुणे आले की सर माझ्याकडे बोट दाखवून "ही आमची शिस्त" म्हणत मिरवायचे. शिस्त यांची, घसा माझा!

एका सोमवारी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मथुरा धावत आली. पहाटे आईला म्हावरं निवडू लागायचं आणि मग बस पकडायची, असा तिचा रोजचा क्रम. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. तिने कागद माझ्यात सरकवला. तो अर्ध्यावर अडकला आणि घंटा झाली. मला तो गिळताही येईना, थुंकताही येईना.

सर बाहेर आले. "कागद बाहेर आहे. गृहपाठ बुडाला."

"बाहेर कुठं, सर? अर्धा आत हाय ना!"

"अर्धा म्हणजे पूर्ण नव्हे. नियम म्हणजे नियम."

"या फटीपायी माझं अख्खं वरीस घालवता?" मथुरेचा आवाज चढला. तिने आपला कागद ओढून काढला. "मग तुमीच टाकून दाखवा, सर. घडी न घालता. दुसरी घंटा व्हायच्या आत."

शिपाई दशरथ मान खाली घालून हसू दाबत होता. सरांनी मोठ्या तोऱ्यात स्वतःचा एक कोरा फुलस्केप कागद फटीत घातला. ढकलला, दाबला, वळवला. कागद चुरगळला, सर घामाघूम झाले. दुसरी घंटा झाली, तरी विभागप्रमुखांचा कागद माझ्या तोंडात अर्धाच लोंबत होता.

सरांनी तो चुरगळलेला कागद ओढून काढला आणि खिशात कोंबला. मग त्यांनी मथुरेचा गृहपाठ हातात घेतला आणि त्यावर सही केली. "वेळेत आला," एवढेच म्हणाले. मथुरा परीक्षेला बसली आणि पासही झाली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आणि माझी फट? ती कुणी रुंद केली नाही, मित्रांनो! वर फक्त एक नवा नियम चिकटला, 'कागद सावकाश टाकावा.' कपाळ माझं!

आता मी कपाटामागे पडून आहे. माझ्यात खडूचे तुकडे ठेवतात. उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कुठेतरी खुर्चीवर बसून नियम कराल. तेव्हा या म्हातारीचे एवढे ऐका. नियम भिंतीवर चिकटवण्याआधी एकदा आपला स्वतःचा कागद टाकून बघा.