टेकडीवरची पांढरी टाचणी

मी नकाशा बोलतोय. भिंतीवर टांगलेला नव्हे, आता नुसता भिंतीला टेकवून ठेवलेला. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे. शेजारी एक मोडका पंखा आहे आणि तीन पायांची खुर्ची. त्यांच्याशी काय बोलणार? म्हणून तुमच्याशी बोलतोय. नुसतं गप्प बसून मी एकदा फार मोठं खोटं बोललो आहे. ते मला सांगून टाकायचंय.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. जाड कागदावर राज्याचे सत्तावीस जिल्हे छापले गेले. मग एका सुताराने मला मऊ फळीवर चिकटवलं, चारही कडांना पट्ट्या ठोकल्या आणि मागे एक पाऊल सरून म्हणाला, "आता पंचवीस वर्षं बघायला नको." खरंच, त्यानंतर माझी काळजी अशी कोणी घेतलीच नाही.

मला आरोग्य खात्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत टांगलं. शाळेतल्या नकाशांवर नद्या नि डोंगर दाखवतात. माझ्यावर ताप दाखवायचे. थंडीच्या दिवसांत राज्यात फ्लू कुठे किती आहे, हे सांगणं माझं काम.

काम सोपं होतं. प्रत्येक जिल्ह्यातलं एक रुग्णालय ठरलेलं. तिथे आठवडाभरात किती माणसं तपासली आणि त्यांतली किती ताप-खोकला घेऊन आली, एवढं मोजायचं आणि बुधवारी दुपारी चारच्या आत फोनवर कळवायचं. शंभरात पाचच्या आत असतील तर पांढरी टाचणी. त्याहून जास्त असतील तर पिवळी, मग नारिंगी, आणि तिसाच्या वर गेले की लाल. गुरुवारी सकाळी माझा फोटो निघायचा, तो फायलीला लागायचा. मग मोठे साहेब हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभे राहायचे आणि औषधांची खोकी, जादा डॉक्टर, नर्स, सगळं लाल जिल्ह्यांकडे रवाना व्हायचं. पांढऱ्याकडे काही जात नसे. जायचं कारणही नव्हतं.

टाचण्या टोचणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस आकडेबाई म्हणे. चष्मा दोरीने गळ्यात, अंगात बाराही महिने एकच करडा स्वेटर, बोटांना शाई. टाचणी टोचताना त्या हळूच "हं, झालं" म्हणायच्या. लहान मुलाला सुई देताना म्हणतात ना, तसं. एकोणीस हिवाळे त्यांनी मला टोचलं, पण दुखलं कधी नाही.

बुधवारी फोन खणखणायला लागले की मी कान टवकारायचो. बहुतेक जिल्ह्यांचे फोन रुक्ष असायचे. आकडा सांगितला की खट्. एकच फोन यायचा ज्याला बाई खुर्ची ओढून नीट बसून घ्यायच्या. माझ्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढा एक डोंगराळ जिल्हा आहे. तिथल्या रुग्णालयातले कंपाउंडर बोलायचे. बाई त्यांना टेकडीवाले म्हणायच्या. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

"बोला, टेकडीवाले. किती?"

"एकशे चौऱ्याण्णव तपासले, ताप-खोकल्याचे नऊ. मला धरून हं."

"तुम्ही स्वतःलाही धरता?"

"मग काय सोडून देऊ? सरकारी आकडा आहे बाई, त्यात चोरी नको. एक सांगा, तुमच्या नकाशावर आमचा जिल्हा आहे तरी केवढा?"

"माझ्या करंगळीच्या नखाएवढा."

"अरे देवा! मग टाचणी जरा जपून टोचा. नेमकी माझ्या छपरावर बसायची. आधीच गळतंय ते."

हा विनोद त्यांनी एकोणीस वर्षं केला आणि बाई एकोणीस वर्षं हसल्या. टाचणी मात्र त्या खरोखरच जपून टोचायच्या. माझ्या इतर जिल्ह्यांची पार चाळणी झाली आहे. टेकडीवर एकच भोक आहे.

आता एका नियमाचं सांगतो.

एका हिवाळ्यात तीन जिल्ह्यांचे फोन आले नाहीत. बाईंनी त्या जागा रिकाम्या ठेवल्या. नेमके त्याच गुरुवारी मंत्री आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही भोकं कसली?" साहेबांचा चेहरा माझ्या लाल टाचणीहून लाल झाला. मंत्री गेल्यावर त्यांनी हुकूम सोडला. यापुढे नकाशावर रिकामी जागा दिसता कामा नये. चारपर्यंत फोन आला नाही तर पांढरी लावायची.

"पण साहेब," आकडेबाई म्हणाल्या, "पांढरी म्हणजे आजार नाही."

"आजार असता तर फोन केला नसता का त्यांनी?"

"आजार वाढला की फोन करायला माणूस मोकळा राहत नाही. मी काय म्हणते, करडी टाचणी आणू या. करडी म्हणजे माहीत नाही."

"वा! खात्याला माहीत नाही, असं खात्याच्याच भिंतीवर लावायचं? बाई, तुम्ही आकडे सांभाळा. रंग मी सांभाळतो."

असा तो नियम. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या कायद्यात नाही. एका माणसाला चारचौघांत लाज वाटली म्हणून झालेला. बाईंनी तो पाळला. वाईट वाटायचं त्यांना, पण त्या पाळायच्या. एखाद्या बुधवारी एखादा फोन राहायचा, पांढरी लागायची, पुढच्या बुधवारी खरा आकडा यायचा आणि रंग बदलायचा. काही बिघडलं नाही. कधीच काही बिघडत नाही, म्हणून तर असे नियम टिकतात.

मग तो हिवाळा आला.

एका बुधवारी टेकडीवाल्यांचा आवाज बसलेला होता. "एकशे अठ्ठ्याण्णवात बावीस," ते म्हणाले. "बाई, यंदाचा खोकला वेगळा आहे. म्हातारी माणसं दोन दिवसांत आडवी होतायत. आमचे डॉक्टरही घरी झोपून आहेत. जरा लक्ष असू द्या." छपराचा विनोद झाला नाही. बाईंनी पिवळी लावली आणि "हं, झालं" म्हणायला विसरल्या.

त्याच शनिवारी डोंगरात वादळ झालं. फोनच्या तारा तुटल्या, रस्त्यावर दरड आली. पुढच्या बुधवारी चार वाजले. बाईंनी स्वतः सात वेळा फोन लावला. पलीकडे घंटासुद्धा वाजत नव्हती. सव्वाचारला त्यांनी पिवळी उपटली आणि पांढरी टोचली.

गुरुवारी साहेब समोर उभे राहिले. "अरे, टेकडी सुधारली की! शाब्बास." त्यांनी खरंच असं म्हटलं. पिवळीची पांढरी झाली ना! खोकी दक्षिणेकडच्या तीन लाल जिल्ह्यांना गेली.

दुसऱ्या बुधवारीही तेच. तारा तशाच, फोन मेलेला. पण या वेळी बाई टाचणी हातात धरूनच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि त्यांना माझ्यापर्यंत घेऊन आल्या.

"साहेब, टेकडीला गाडी पाठवा. लांबच्या रस्त्याने जाता येतं, मी बस आगारात विचारलंय. दहा खोकी आणि एक नर्स, एवढं तरी."

"पांढऱ्या जिल्ह्याला गाडी? आणि लालवाले काय मला ओवाळतील?"

"तो पांढरा नाहीये, साहेब. तो गप्प आहे."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मला शिकवू नका. नकाशा काय म्हणतो ते बघा."

नकाशा काय म्हणतो! मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. म्हटलं असतं, अहो, मी काहीच म्हणत नाही, तुम्ही जे टोचता तेच मी दाखवतो. पण मला तोंड नाही. बाईंना होतं, आणि त्याही गप्प झाल्या. त्यांनी पांढरी टाचणी पुन्हा त्याच भोकात बसवली. त्यापुढच्या बुधवारीही फोन आला नाही, आणि त्यांनी पुन्हा पांढरीच बसवली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची, डोळे खोल गेलेले, प्रवासाने कपडे मळलेले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. आत येण्याआधी तिने तोंडावर रुमाल धरून खोकून घेतलं.

"आकडेबाई तुम्हीच का?"

"हो. तुम्ही?"

"मी टेकडीवरनं आले. कंपाउंडरांची मुलगी." तिने पिशवीतून वही काढली. "बाबा मंगळवारी गेले."

बाई उठल्या आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

"मला अहोजाहो नका करू," मुलगी म्हणाली. "बाबा घरात तुम्हाला माझी आत्याच म्हणायचे. बुधवार आला की आईला सांगायचे, आज जेवायला उशीर होईल, आत्याला आकडे द्यायचेत. तारा तुटल्या तरी त्यांनी मोजणं सोडलं नाही. म्हणाले, फोन सुरू झाला की सगळे एकदम देऊ. आता तुम्ही लिहून घेता का?"

बाईंनी पेन घेतलं. मुलगी उभ्यानेच वाचत होती.

"पहिला आठवडा. एकशे नव्वद तपासले, चौसष्ट. दुसरा. दोनशे एकतीस तपासले, एकशे अठरा. तिसरा सोमवारपर्यंतच आहे. एकशे दोन तपासले, एकाहत्तर." तिने वही डोळ्यांजवळ नेली. "पुढे लिहिलंय, 'मला धरून'."

बाईंनी ते दोन शब्दही लिहून घेतले.

"औषधं पहिल्या आठवड्यातच संपली, आत्या. मग बाबा नुसतं पाणी उकळून द्यायचे आणि पाठीवरून हात फिरवायचे. तेवीस माणसं गेली. बाबा चोविसावे. लोक विचारायचे तर सांगायचे, गुरुवारी खोकी निघतात. फोन गेला तर तिकडे कळणारच, आपला फोन नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. आत्या गप्प बसायची नाही."

मग तिची नजर माझ्यावर पडली. ती जवळ आली. वरच्या कोपऱ्यातला नखाएवढा जिल्हा तिला लगेच सापडला. स्वतःचं घर शोधायला कोणाला वेळ लागत नाही.

"ही बाबांची टाचणी?"

"हो."

"पांढरी म्हणजे काय?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाई काहीही सांगू शकल्या असत्या. कागद उशिरा आले, रंग चुकून लागला, चौकशी करते. इतकी वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर वेळ मारून नेता येत नाही असं थोडंच आहे?

"पांढरी म्हणजे तिथे आजार नाही," त्या म्हणाल्या. "मी लावली. तिन्ही वेळा मीच लावली."

मुलगी रागाने ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही टेबलावर ठेवली, "ही तुमच्याकडेच राहू द्या, आत्या. बाबांनी तुमच्यासाठीच लिहिली होती," म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिचा खोकला खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

बाईंनी पांढरी उपटली आणि लाल टोचली. साहेब आत येऊन म्हणाले, "आज शुक्रवार आहे. बदल बुधवारी." बाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी वही उघडून साहेबांसमोर धरली. त्या संध्याकाळी गाडी निघाली. तीन आठवड्यांनी, तेवीस माणसांनी आणि एका कंपाउंडराने उशिरा.

पुढे चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांनी माझे फोटो मागवले. त्यांना त्या तिन्ही गुरुवारी टेकडी पांढरीशुभ्र दिसली. अहवालात लिहिलं गेलं, "नकाशानुसार सदर कालावधीत सदर जिल्ह्यात साथ नव्हती, सबब खात्याकडून दिरंगाई झालेली नाही." मला साक्षीला उभं केलं त्यांनी! चोवीस मेलेल्या माणसांविरुद्ध माझी साक्ष काढली. आकडेबाईंनी नियमाबद्दल, करड्या टाचणीबद्दल, गाडीबद्दल चार पानं लिहून दिली आणि वहीही जोडली. ती पानं अहवालात आली नाहीत. वही "आवश्यक नाही" असा शेरा मारून परत आली. साहेब बढतीवर गेले. बाईंची बदली जुन्या कागदांच्या विभागात झाली.

जायच्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. स्वेटरचं सगळ्यांत वरचं बटण त्यांनी कात्रीने कापलं. करडं, चार भोकांचं. एक लांब टाचणी त्यातून ओवली आणि टेकडीच्या त्या एकाच भोकात हळूच दाबली. "छपरावरच बसवलंय, टेकडीवाले," त्या म्हणाल्या. हसायला गेल्या, पण जमलं नाही.

त्यानंतर खोलीत संगणकाचा भला मोठा पडदा आला. रंग आता आपोआप भरतात. मला उचलून समोरच्या अडगळीत ठेवलं. पडदा बसवायला आलेल्या माणसाचा आवाज मी दाराआडून ऐकला. त्याने विचारलं, "अहवाल आला नाही तर कोणता रंग ठेवू?" कोणीतरी पेंगुळलेल्या आवाजात उत्तर दिलं, "जुन्या नकाशावर होता तोच ठेवा."

तेवढ्यासाठी मी आज बोलतोय. थंडी पुन्हा येईल. तुमच्या पडद्यावर एखादा कोपरा पांढरास्वच्छ दिसेल आणि तुम्हाला हायसं वाटेल. तेव्हा एक करा. तिथे फोन लावा. उचलला नाही तर पुन्हा लावा. तरीही उचलला नाही तर उठा आणि जा, बुधवार असो की शुक्रवार. तिथे कोणीतरी स्वतःला धरून मोजत असेल आणि तुम्ही गप्प बसणार नाही असं घरच्यांना सांगत असेल.

मला आता पुन्हा टांगू नका. बटण मात्र काढू नका. त्याच्यामुळे मी भिंतीला सपाट टेकत नाही, बोटभर फट राहते. जिना चढून कोणी खोकत आलं, तर तेवढ्या फटीतून मला ऐकू येतं.